मोरचुदाला पुरून उरलेलं शेवाळ

मी एक जुनं शेवाळ आहे. किती जुनं म्हणून विचाराल, तर तुमच्या पणजोबांचे पणजोबा राहूच द्या. या पृथ्वीवर माणूस नव्हता, गाय नव्हती, केळीचं पानसुद्धा नव्हतं, तेव्हापासून आमचं घराणं पाण्यात नांदत आलं आहे. मित्रांनो, तुम्ही आत्ता श्वास घेतलात ना, त्यातला प्राणवायू हवेत सोडायला पहिल्यांदा सुरुवात केली ती आम्ही. उपकार म्हणून सांगत नाही. पण एवढं करून आमच्या वाट्याला आलं काय? तारेची घासणी!

माझा रंग हिरव्यात निळा कालवल्यासारखा आहे. शिकलेली माणसं मला सायनोबॅक्टेरिया म्हणतात. नावाला शेवाळ, पण जात जिवाणूची. आणि मी ‘मी’ म्हणतो तेव्हा एकटा नसतो बरं का. केसाहून बारीक अशा लाखो धाग्यांचं आमचं मोठं खटलं असतं आणि सगळे एकाच बुळबुळीत गोधडीखाली राहतात. या बुळबुळीला सगळे नाक मुरडतात. मुरडा! आजची माझी गोष्ट त्या बुळबुळीचीच आहे.

माझा जन्म खानदेशातल्या सावद्याजवळच्या एका केळीच्या मळ्यात झाला. मळा भाईदास नानांचा. मळ्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं आहे आणि तळ्याच्या काठाशी एक काळा सपाट दगड आहे. केळीवर करपा रोग पडला की नाना मोरचूद आणि चुना कालवून फवारणी करायचे आणि रिकामा ड्रम या दगडावर धुवायचे. मोरचूद म्हणजे ते निळेशार खडे. दिसायला देखणे, पण आत तांबं असतं, आणि पाण्यात विरघळलेलं तांबं जास्त झालं की भल्याभल्यांचा जीव घेतं. ड्रमाचं निळं पाणी दगडाखालच्या डबक्यात उतरायचं. त्या डबक्यात मी राहायचो.

सुरुवातीला आमच्यातले कितीतरी धागे पिवळे पडून मेले. थोडे उरले. त्या थोड्यांनी युक्ती शिकून घेतली. तांब्याचे कण जवळ आले की ते बाहेरच्या बुळबुळीतच चिकटवून ठेवायचे, आत येऊ द्यायचे नाहीत. त्यातूनही एखादा आत घुसलाच, तर त्याला बांधून कोपऱ्यात बसवायचा. दर वर्षी ड्रम धुतला जायचा, दर वर्षी मी थोडा मरायचो आणि उरलेल्यातून पुन्हा वाढायचो. अशी वीस-बावीस वर्षं गेली. पुढे पुढे तर ते निळं पाणी अंगावर आलं तरी मला काही वाटेनासं झालं.

नानांचं आणि माझं मात्र पहिल्यापासून वाकडं. एकदा ते माझ्यावरून घसरले आणि मनगट मोडून घेतलं. महिनाभर हात गळ्यात बांधून हिंडत होते. तेव्हापासून दर रविवारी तारेची घासणी घेऊन यायचे आणि दगड खरवडत म्हणायचे, “मेलं नाही का रे अजून? काय चिवट जात आहे बापा!” शिवीच ती, पण मला मनातून बरं वाटायचं. माझ्याबद्दल एवढं खरं दुसरं कोणी बोलत नव्हतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

नानांचा मुलगा हितेंद्र. त्याने ठिबकचा जुना फिल्टर काढून नवा बसवला, तोही नानांना न विचारता. बस, तेवढ्यावरून बिनसलं. नाना म्हणाले, “आता तूच मालक. मले काय विचारतो?” हितेंद्र म्हणाला, “नाही विचारत मग.” त्या दिवसापासून बापलेकांचा अबोला. एका बांधावर दोन टोकांना उभे राहायचे आणि मध्ये नानांची बायको सुगंधाबाई टपाल वाहायची. “त्याले म्हना मोटार बंद कर.” “नानांना सांग, केली.” दोघांत चार हातांचं अंतर, आणि निरोप मात्र तिच्या तोंडून! ती बिचारी कधी हसायची, कधी रडकुंडीला यायची.

हितेंद्रची बायको ज्योत्स्ना. गुणाची आणि तितकीच जिद्दीची. तिने त्या वर्षी गावातल्या आठ बायकांना सोबत घेऊन तळ्याशेजारी हिरव्या जाळीखाली केळीच्या रोपांची रोपवाटिका घातली होती. सहा हजार रोपं. मृगात लागवड करायची म्हणून आठही जणींनी आपापलं वावर तयार ठेवलं होतं. ज्योत्स्नाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाने काही उभं केलं होतं. ती रोज पहाटे एकेका पानाला हात लावून पाहायची. मी डबक्यातून बघायचो आणि मला तिचं कौतुक वाटायचं.

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती. उन्हाने विहिरीचा तळ दिसू लागला होता आणि शेततळ्यात पाणी कमरेएवढंच राहिलं होतं. त्यात माझी भावंडं, म्हणजे साधं हिरवं शेवाळ, ते तळ्यात माजलं आणि नवा फिल्टर तुंबला. आमच्याकडे अशा वेळी मोरचुदाची गोणपाटातली पोटली दोरीला बांधून पाण्यात सोडायची रीत आहे. नानांनी सकाळी सात वाजता पूर्वेच्या काठाने पोटली सोडली. माप नेहमीचं, भरल्या तळ्याचं. तळं पाऊण रिकामं आहे हे लक्षातच आलं नाही. ते कोणाला काही न बोलता घरी गेले. दुपारी हितेंद्र आला. त्याने पश्चिमेच्या काठाने दुसरी पोटली सोडली. त्याचंही माप भरल्या तळ्याचं. तोही कोणाला काही न बोलता घरी गेला.

मी काठावरून दोघांनाही पाहिलं. ओरडावंसं वाटलं, पण शेवाळाला तोंड कुठून असणार?

दुसऱ्या दिवशी आधी कौतिक धावत आला. कौतिक म्हणजे नानांचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, धुळ्याकडचा. तो बांधावरूनच ओरडला, “नाना, बठ्ठा मासा मरी ग्यात! पानी निळं व्हई जायेल शे!” डास खावेत म्हणून सोडलेले गप्पी मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. पण खरा घात आधीच झाला होता. ज्योत्स्नाने आदल्या संध्याकाळी तळ्याचंच पाणी पहिल्या ओळीला घातलं होतं. दोन दिवसांत त्या ओळीची पानं पिवळी पडली. तिने एक रोप पिशवीतून काढून मुळं पाहिली. मुळं तपकिरी आणि आखूड झाली होती, जशी जळलेली. तीनशे रोपं गेली. ती तिथेच मातीत बसली आणि रडली नाही, नुसती बसून राहिली. ते बघणं मला फार जड गेलं.

मग एकदाची घरात वाचा फुटली.

“मी टाकलं व्हतं सकाळी,” नाना सुगंधाबाईंना म्हणाले.

“मी दुपारी टाकलं,” हितेंद्र ज्योत्स्नाला म्हणाला.

सुगंधाबाईंनी कपाळावर हात मारला. “माय वं! दोघांनी टाकलं? तोंडाले काय कुलूप लावलं व्हतं का तुमच्या?”

अबोला तसाच राहिला, उलट आता त्यात लाज मिसळली. तळ्यात दुसरं पाणी भरावं तर आणायचं कुठून? शेजारचे लीलाधर भाऊ मनाचे मोठे. त्यांनी आपल्या बोअरचं रोज दोन ड्रम पाणी दिलं. तेवढ्यावर उरलेली रोपं कशीबशी तगली असती, पण वाढली नसती. आणि लीलाधर भाऊंनी आधीच सांगितलं, “बोअर महिनाभर चाललं तर नशीब.” म्हणजे महिन्याभरात तळं शुद्ध झालं नाही, तर सत्तावन्नशे रोपं आणि आठ बायकांचं मृगाचं पीक, सगळं मातीत.

आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके खेळतात. नानांची थोरली लेक चारुलता धुळ्याहून आली. ती तिथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आली ती झोक्यावर न बसता थेट तळ्यावर गेली. नाना म्हणाले, “चुना टाकून पाहू का?” ती म्हणाली, “टाकता येईल, नाना. तांबं तळाशी बसेलही. पण राहील तळ्यातच. पाणी ढवळलं, मोटार लावली, की पुन्हा वर. ते बाहेर निघायला हवं.” बोलता बोलता ती मागे सरली आणि तिचा पाय माझ्यावर पडला. घसरली, पण सावरली. मग खाली वाकून बघू लागली. तळ्यातलं सगळं शेवाळ मेलं होतं, आणि तळ्याहून निळ्या डबक्यात मी मात्र हिरवागार.

“नाना, ड्रम तुम्ही इथेच धुता ना? किती वर्षांपासून?”

“तू शाळेत जात नव्हती, तेव्हापासून.”

तिने बोटभर मला उचललं आणि उन्हात धरलं. माझ्याकडे असं प्रेमाने कोणी पाहिलं नव्हतं हो आजवर! ती हळूच म्हणाली, “अरे वा. तू तर मोरचूद पिऊन बसला आहेस. तळ्यात सोडलं तर तिथलं तांबंही तूच धरशील.”

नाना खवळले. “त्याच्यापाई माझा हात मोडला! अन् तू त्याले तळ्यात सोडशील?”

“तुम्ही वीस वर्षं घासून तो गेला का?” तिने विचारलं.

नानांनी आपलं मनगट चोळलं.

आधी परीक्षा झाली. तळ्याचं पाणी तीन घमेल्यांत घेतलं, दोनमध्ये मला सोडलं, तिसरं तसंच ठेवलं. पाणी सुधारलं की नाही हे कळायचं कसं? चारुताईने एक बाटली भरून धुळ्याला तपासायला पाठवली, पण तिकडून उत्तर यायला दिवस लागणार होते. तेव्हा सुगंधाबाई म्हणाल्या, “मेथी भिजवून पाहू. पानी खराब असीन तं मोड कशाचे येतीन?” चारुताई आईकडे बघतच राहिली. कॉलेजात पोरांना जे शिकवते तेच आई वाटीत करायला निघाली होती. तिसऱ्या दिवशी जाळीखालच्या बाकड्यावर तीन वाट्या मांडल्या. आणखी दोन दिवसांनी पाहिलं, तर नुसत्या तळ्याच्या पाण्यातल्या मेथीला मोड फुटलाच नव्हता, दाण्याला फक्त टाचणीएवढं काळं टोक आलं होतं. माझ्या घमेल्यांतल्या पाण्यात मेथीला बोटाच्या पेरभर पांढरी मुळं आली होती.

ज्योत्स्नाने ती वाटी दोन्ही हातांत धरली. सगळ्यात आधी तिचाच विश्वास बसला.

पण डबकंभर मी आणि तळंभर तांबं! मला वाढवायला हवं होतं. आठही बायका आल्या. रिकाम्या ट्रेमध्ये चार बोटं पाणी घालून मला उन्हात पसरलं. गोणपाटाच्या लांब पट्ट्या शिवल्या, त्यांवर मला अंथरलं, आणि केळीच्या वाळलेल्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या सालींच्या, दोऱ्या वळून पट्ट्या बांधल्या. ऊन खानदेशी वैशाखाचं. माणसं सावली शोधत होती आणि मी अंग पसरून वाढत होतो. बारा दिवसांत डबक्यातलं खटलं अंगणभर झालं.

मग घाई झाली. चूक हितेंद्रची. त्याला राहवेना. चारुताई दोन दिवसांसाठी धुळ्याला गेली होती, तेवढ्यात त्याने सगळ्या पट्ट्यांतल्या निम्म्या एकदम तळ्यात लोटल्या, आणि त्याही पोटल्या जिथे सोडल्या होत्या तिथेच, ऐन निळ्या पाण्यात. मित्रांनो, मी कितीही चिवट असलो तरी लोखंडाचा नाही. चहूकडून तांबं अंगावर आलं. धाग्यामागून धागा फिका पडत गेला. दुसऱ्या दिवशी पट्ट्या तपकिरी होऊन लोंबत होत्या. काठावर नाना उभे होते. इतके दिवस मी मरावं म्हणून झटलेला तो माणूस, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा माझ्याहून फिका पडला होता. सुगंधाबाईंना म्हणाले, “त्याले म्हना, मेलेलं आधी बाहेर काढ. सडीन ते पान्यात.” हितेंद्रने निमूट काढलं.

चारुताई परतली ती रागावली नाही. ती म्हणाली, “निम्मं उरलंय ना? पुरे.” या वेळी तिने उथळ काठापासून सुरुवात केली. थोड्या पट्ट्या सोडायच्या, तीन दिवस ठेवायच्या, काढून घ्यायच्या, मग ताज्या सोडायच्या आणि हात दोन हात पुढे सरकायचं. उरलेला मी ट्रेमध्ये वाढतच होतो. आता मात्र रंगात आलो! तांब्याचे कण यायचे आणि बुळबुळीत अडकायचे. ये बाबा, बस. तूही ये. जागा भरपूर आहे. ज्या बुळबुळीसाठी वीस वर्षं शिव्या खाल्ल्या, तिने त्या तळ्यातलं तांबं वेचून वेचून घेतलं.

रोज सकाळी बाकड्यावर मेथीची नवी वाटी लागायची. आधी टाचणीएवढी मुळं. मग तांदळाएवढी. मग एके दिवशी सुगंधाबाई वाटी घेऊन बांधावरून पळतच निघाल्या, आणि त्यांचं वय पळण्याचं नव्हतं. “ज्योत्स्ना वं! पाह्य, पाह्य! दोन बोटं मुळं!” त्याच दुपारी धुळ्याहून चारुताईच्या फोनवर शेवटच्या बाटलीचा निकाल आला. झाडांना चालेल इतकंच तांबं उरलं होतं. “प्यायला नाही हं,” तिने बजावलं, “पण रोपांना बिनधास्त घाला.” आठही बायकांनी जाळीखाली जो गलका केला, तो पार सावद्याच्या बाजारात ऐकू गेला असेल. ज्योत्स्ना हसत होती आणि रडत होती. मी पाण्यात होतो, नाहीतर माझेही डोळे दिसले असते.

आता गंमत ऐका. शेवटच्या पट्ट्या अजून तळ्यात होत्या, हिरव्यागार आणि तांब्याने जड झालेल्या. कौतिक त्या काढायला उतरला, तर नाना आडवे आले. हातात हळदकुंकवाची कुयरी आणि नारळ!

“हात नका लावू त्याले. राहू द्या तिथीच. कायमचं.”

“नाना, काढावं लागेल,” चारुताई म्हणाली.

“काबरं? ज्यानं पानी सुधारलं त्यालेच हाकलता?”

“त्याने तांबं खाऊन संपवलेलं नाही, नाना. अंगावर धरून ठेवलंय. ते आज ना उद्या मरेल, सडेल, आणि धरलेलं सगळं परत पाण्यात सोडेल. मग त्याच्या मेहनतीचं काय? आणि खताच्या खड्ड्यातही टाकायचं नाही. वाळवून, पिंपात भरून मी कॉलेजला नेते. त्यातलं तांबं परत काढता येतं का ते पाहू.”

नानांनी नारळ काठावर ठेवला. मग कुयरी सुगंधाबाईंकडे दिली, धोतर खोचलं आणि स्वतः पाण्यात उतरले. दोरीचं एक टोक धरलं. ओली पट्टी मणभर जड. एकट्याने हलेना. दोरीचं दुसरं टोक पलीकडे हितेंद्रच्या हातात होतं. सुगंधाबाई सवयीने निरोप न्यायला पुढे झाल्या. नानांनी हाताने त्यांना थांबवलं.

“हितू,” ते म्हणाले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. “ओढ रे बापा. माझ्या एकट्याच्यानं नाही निघत.”

हितेंद्रने दोरी मनगटाला गुंडाळली. “ओढतो. तुम्ही हळू, नाना. बुळबुळ आहे, पाय घसरीन तुमचा.”

“घसरू दे. तू हायेस ना पलीकडे.”

बापलेकांनी मला पाण्यातून ओढून काठावर आणलं. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस! मी तळ्यातून बाहेर पडत होतो, उन्हात वाळून जाणार होतो, आणि तरी असं वाटत होतं की जणू माझी मिरवणूक चालली आहे.

मृगात ज्योत्स्नाची रोपं ट्रॅक्टरवर चढली आणि आठ वावरांत लागली. जवळच्या वावरातली आता माझ्या डबक्यातून दिसतात, पुरुषभर उंच झाली आहेत. तळ्यातला मी पिंपात बसून धुळ्याला गेलो. पण ओंजळभर मी दगडाखाली अजून आहे. नानांनी डबक्याभोवती विटांचं कोंडाळं केलं आहे आणि रविवारची घासणी गोठ्यात टांगून टाकली आहे. दगडावरून जाताना मात्र अजूनही पाय जपून टाकतात.

माझी तुम्हाला एक विनंती आहे. तांबं, शिसं, कारखान्याचा क्रोमियम, असलं काही पाण्यात ओतण्याआधी दहादा विचार करा. आम्ही आहोत म्हणून खुशाल ओतू नका. आमच्या सहनशक्तीलाही माप आहे, ते मी तपकिरी होऊन शिकलो. आणि कधी आम्हाला कामाला लावलंत, तर काम झाल्यावर वेळेवर बाहेर काढा. आम्हाला पाण्यात सडू देऊ नका. एवढं केलंत तर माझ्या अब्जावधी वर्षांच्या घराण्याचं सोनं होईल.

आताही मळ्यात मोरचुदाची गोणी आहे, केळीला ती लागतेच. पण तिला हात लावण्याआधी नाना बांधावर उभे राहून सगळ्या मळ्याला ऐकू जाईल असं ओरडतात,

“हितू! आज तळ्यात काही टाकलं का रे?”

आणि पलीकडच्या टोकावरून, मध्ये कोणालाही न घालता, उत्तर येतं, “नाही, नाना! तुम्ही?”